तीनशे पर्याय, एक रात्र

निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियातला प्रश्न बदलतो. मेपर्यंत पोरं एकमेकांना "किती येतील?" विचारत असतात, जूनमध्ये विचारतात, "एवढ्यात कुठं नंबर लागंल?" नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरातही तेच. "सर, पाचशे दहाला लातूरचं गव्हर्मेंट भेटंल का?" हा प्रश्न क्लासच्या सरांना, झेरॉक्सवाल्याला, मेसच्या मावशींना आणि गेल्या वर्षी ज्याचा नंबर लागला त्या गावातल्या दादाला विचारला जातो. गंमत म्हणजे चौघंही छातीठोक उत्तर देतात, आणि चौघांची उत्तरं वेगळी असतात.

मार्कांसाठी या भागानं काय केलं नाही? राजर्षी शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतरचे प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात ज्याला 'लातूर पॅटर्न' हे नाव पडलं, त्यात सराव परीक्षा, पेपरची तपासणी, चुकांची उजळणी असं सगळं घड्याळ लावून बसवलेलं होतं. पुढं वाघमारे सर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेपर कसा सोडवायचा हे लातूरनं उभ्या महाराष्ट्राला शिकवलं. पण त्या मार्कांवर कॉलेज ज्या कागदावर ठरतं, तो ऑप्शन फॉर्म कसा भरायचा याचा पॅटर्न काही तयार झाला नाही. अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, तीनशेपर्यंत पर्याय देता येतात. अनेक घरांत ते शेवटच्या रात्री, सर्व्हर अडखळत असताना, सायबर कॅफेतला पोरगा सांगेल त्या क्रमानं भरले जातात.

घोळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकाच रकान्यात कोंबल्यामुळे. मला काय हवंय, हा एक प्रश्न. मला काय मिळू शकतं, हा दुसरा. पर्यायांचा क्रम पहिल्या प्रश्नानं ठरवायचा असतो, आणि यादी किती लांब करायची, किती खालपर्यंत न्यायची, हे दुसऱ्यानं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. "एसजीजीएस कुठं भेटतंय एवढ्यात" म्हणून नांदेडची ती अभियांत्रिकी संस्था सातव्या नंबरावर जाते, 'नक्की भेटणारं' पहिल्या नंबरावर येतं, आणि खाली चार पर्याय टाकून यादी संपते.

हे चूक का, ते कळायला आतलं यंत्र कसं चालतं ते पाहावं लागेल. हे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलचा संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या उमेदवारापासून सुरुवात करतो. त्याचा पहिला पर्याय बघतो, जागा आहे, देऊन टाकतो. मग दुसरा, मग तिसरा. ज्याची पाळी येईल त्याच्या फॉर्मवरून तो वरून खाली उतरत जातो आणि ज्या पर्यायात त्याच्यासाठी जागा शिल्लक दिसेल तिथं थांबतो. आरक्षण, महिलांच्या जागा, विद्यापीठाचा कोटा यांमुळे प्रत्यक्षातला हिशोब बराच गुंतागुंतीचा आहे, पण मूळ तत्त्व एवढंच.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्या समजुतींच्या विरुद्ध जातात. पहिली म्हणजे फॉर्म लवकर भरला म्हणून नंबर लवकर लागत नाही. मुदतीच्या पहिल्या तासात भरा नाही तर शेवटच्या दिवशी, संगणक गुणवत्ता क्रमांक बघतो, भरल्याची वेळ बघत नाही. लवकर भरायचा तो सर्व्हर बसण्याच्या धास्तीनं, एवढंच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एखादं कॉलेज तुम्ही नवव्या क्रमांकावर लिहिलं आणि तुमच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलानं तेच पहिल्या क्रमांकावर लिहिलं, तर जागा त्याला मिळते असं पुष्कळांना वाटतं. मिळत नाही. वरचे आठ पर्याय हुकून तुम्ही नवव्यावर आलात, तरी तुमचा नंबर त्याच्या आधी होता, म्हणून तुमचा हक्कही आधीचा. याचा अर्थ वर स्वप्नातली नावं लिहिल्यानं खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कणभरही कमी होत नाही.

जगात सगळीकडे असं नसतं, म्हणून ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या सरकारी शाळांचे प्रवेश २००५ पर्यंत अशा पद्धतीनं व्हायचे की ज्यांनी शाळा पहिल्या पसंतीला लिहिली त्यांचा विचार आधी. तिथं मोठी शाळा पहिल्या क्रमांकावर लिहिणं हा खरोखरच जुगार होता, हुकलं तर दुसऱ्या पसंतीच्या जागाही तोवर भरलेल्या असायच्या. हुशार पालक हिशेब करून 'मिळणारी' शाळा वर लिहीत, साधे पालक खरं लिहीत आणि फसत. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर शहरानं पद्धत बदलली. नवी पद्धत ज्या विचारावर उभी होती तो डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये एका छोट्या लेखात मांडला होता, आणि त्या लेखाच्या शीर्षकातच कॉलेज प्रवेश होते. मुलांनी खरी पसंती लिहूनही तोटा होणार नाही अशी वाटणी करता येते, हे त्या विचारातून निघालं. २०१२ मध्ये शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना या वाटचालीसाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल २००८ मध्येच वारले होते.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणखी एक प्रकार आहे, तो मराठवाड्यातल्या कुणाला ऐकून नवल वाटेल. तिथं नोव्हेंबरच्या सुमारास एकाच कॉलेजला 'घेतलंत तर नक्की येईन' असं बांधून देणारा लवकरचा अर्ज करता येतो. ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या तिघांनी २००३ च्या पुस्तकात हिशोब मांडला की अशा अर्जाचा फायदा सॅट परीक्षेत १६०० पैकी सुमारे शंभर गुण जास्त मिळाल्याइतका होता. तिथं कॉलेज मुलाची ओढ मोजतं. आपल्या कॅपमध्ये ओढ मोजायला कुणी बसलेलंच नाही. एसजीजीएसच्या शेजारी विष्णुपुरीत चार पिढ्या राहता म्हणून किंवा फक्त एसजीजीएसच लिहिलं म्हणून कुणी एक टक्काही जास्त धरत नाही.

मग सरळ मनातल्या क्रमानं तीनशे नावं लिहून मोकळं व्हावं? जवळपास तसंच. 'जवळपास' म्हणतोय कारण मध्ये एक कडी आहे. २०२५-२६ पासून अभियांत्रिकीच्या कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि त्यांत जागा आपोआप गोठवण्याचा, म्हणजे ऑटो-फ्रीझचा, नियम पायरीपायरीनं कडक केला गेला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला कुठलाही. तिसऱ्यात पहिल्या सहांतला. चौथ्यात जे मिळेल ते. बंधनकारक जागा घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाद. त्यामुळे वरच्या जागा महाग झाल्या आहेत. 'सेफ' म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळतं, गोठतं, आणि आठवड्यानं लक्षात येतं की आपल्याहून मागचा मुलगा आपल्याला खरं हवं होतं तिथं बसलाय. तक्रार कुणाकडे करणार? संगणकानं मागितलं तेच दिलं.

त्या-त्या फेरीच्या बंधनात न बसणारी जागा मिळाली तर ती ठरावीक शुल्क भरून धरून ठेवता येते आणि पुढच्या फेरीत बेटरमेंटची वाट पाहता येते. वरचं काही मिळालं की खालची जागा आपोआप सुटते, परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीचा फॉर्म भरताना हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगलं वाटतं तेवढंच त्यात असावं. ही साधी गोष्ट गर्दीत विसरली जाते. आधीच्या फेरीची यादी जशीच्या तशी ठेवली की घरापासून लांबचं, महागडं आणि मनातून उतरलेलं कॉलेज 'वरचं' म्हणून अंगावर येतं. गणितात मुरलेले वाचक इथं म्हणतील की या फ्रीझमुळे खरं लिहिणं नेहमीच फायद्याचं राहत नाही, तिसरी पसंती दुसऱ्या फेरीत गोठली तर पहिली तिसऱ्या फेरीत सुटू शकत होती. बरोबर आहे. पण एवढ्या बारीक धाग्यावर डाव खेळण्याइतकी माहिती घरात बसलेल्या कुणाकडेच नसते. हवी तशी जागा एक फेरी आधी पक्की झाली याचं दुःख मला तरी फार मोठं वाटत नाही.

आता दुसरा प्रश्न, मिळेल का. इथं आपण सगळे गेल्या वर्षीच्या कट-ऑफला लटकतो आणि तेही मार्कांच्या कट-ऑफला. मार्क हे किती कच्चं माप आहे ते वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेनं दोन वर्षांत दाखवून दिलं. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही सतरा जणांना ७२० पैकी ७२० होते. ६०० मार्कांवर देशातला क्रमांक सुमारे ऐंशी हजार होता. २०२५ चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्राचा, असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले, आणि ६०० च्या वर देशभरात दीड हजारसुद्धा पोरं नव्हती. खुल्या गटाची पात्रतेची रेघ १६२ वरून १४४ वर आली. जून २०२५ मध्ये पाचशे वीस घेऊन रडत बसलेली मुलं आदल्या वर्षीच्या तक्त्यात बघत होती. तो तक्ता दुसऱ्याच परीक्षेचा होता म्हणायला हरकत नाही.

क्रमांक मात्र इतका हलत नाही. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एका वर्षी जेवढ्या जागा, साधारण तेवढ्याच पुढच्या वर्षी. जागा तेवढ्याच असतील तर राज्याच्या गुणवत्ता यादीतल्या साधारण त्याच क्रमांकापर्यंत प्रवेश पोचतो, पेपर सोपा निघो की अवघड. म्हणून विचारायचा प्रश्न "पाचशे दहाला भेटंल का" हा नाही. "माझा एसएमएल, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, अमुक आहे, गेल्या तीन वर्षांत या कॉलेजची माझ्या प्रवर्गातली जागा कुठल्या एसएमएलवर संपली" हा आहे. 'क्वालिफाय झाला' या शब्दानंही पेढे वाटायची घाई करू नये. २०२५ मध्ये बारा लाखांहून अधिक मुलं नीट पात्र झाली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी-खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास आहेत.

सीईटीच्या पर्सेंटाइलचंही असंच. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, रांगेतली जागा आहे. पीसीएम गटाला चार लाखांहून अधिक मुलं बसतात, तेव्हा ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढं चार हजारांवर मुलं उभी असतात आणि ९८ वाल्याच्या पुढं आठ हजारांवर. "एकानंच तर कमी आहे" म्हणताना मध्ये चार हजार पोरं घुसलेली असतात. यादीच्या वरच्या टोकाला पर्सेंटाइलचा एक दशांशही शेकडो नंबर हलवतो, म्हणून तिथं पर्सेंटाइल सोडून थेट गुणवत्ता क्रमांकच बघावा.

कट-ऑफचा तक्ता वाचणं हीच एक कला आहे. त्यात GOPENH-LOBCO छापाची संक्षिप्त अक्षरं असतात, देवनागरीत सांगायचं तर जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ. सुरुवातीचा जी सर्वसाधारण, एल मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचा एच म्हणजे गृह-विद्यापीठाच्या जागा, ओ म्हणजे गृह-विद्यापीठाबाहेरच्यांच्या, एस म्हणजे राज्यपातळीच्या. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या कॉलेजातून केली ते तुमचं गृह-विद्यापीठ. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे नांदेडच्या विद्यापीठात. धाराशिव बोर्डाच्या दृष्टीनं लातूर विभागात, पण विद्यापीठाच्या दृष्टीनं छत्रपती संभाजीनगरकडे. तेव्हा धाराशिवचा मुलगा बारावीला लातूरला आला की त्याचं गृह-विद्यापीठ बदलतं आणि त्यानं तक्त्यातला रकानाही बदलून वाचायला हवा. चुकीच्या रकान्यावरून काढलेला अंदाज दुरुस्त करायला कुणी येत नाही.

शिवाय नियम बदलले की जुने तक्ते निकामी होतात. वैद्यकीय प्रवेशात १९८५ पासून ७०:३० चं सूत्र होतं. मराठवाडा, विदर्भ, उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग, ७० टक्के जागा त्या भागातल्यांना, ३० टक्के राज्यातल्या सगळ्यांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, मुलं तयारीची, त्यामुळे आपल्याकडचा कट-ऑफ चढा राहायचा आणि त्यावरून आंदोलनं झाली. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झालं, तेव्हा वैद्यकीय शिक्षणमंत्री लातूरचेच अमित देशमुख होते. त्याआधीचे कुठले आकडे कुणी दाखवत असेल तर नमस्कार करून उठावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसईबीसी प्रवर्गाला दहा टक्के आरक्षणाचा कायदा झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रांचा शासन निर्णय निघाला. त्या निर्णयांच्या बाजूनं किंवा विरुद्ध तुमचं मत काहीही असो, मराठवाड्यात कोणत्या प्रवर्गात किती मुलं उभी राहणार हे त्यानं हलतं, आणि प्रवर्गाचे मागचे कट-ऑफ तेवढ्या प्रमाणात सैल धरावे लागतात. धाराशिवचं वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये, परभणीचं २०२३ मध्ये, हिंगोली आणि जालन्याचं २०२४ मध्ये सुरू झालं. नव्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी तर मागचा आकडाच नसतो. बहुतेक जण अशी नावं बिचकत खाली ढकलतात, आणि ज्याला घराजवळ सरकारी जागा हवी आहे त्याच्यासाठी तीच फट असते.

मी ओळखीच्या मुलांना एकच साधी चाळणी सांगतो. आपल्या प्रवर्गाचा, आपल्या कोट्याचा, त्याच फेरीचा शेवटचा क्रमांक तीन वर्षांचा काढा. तिन्ही वर्षी तुम्ही आत बसला असतात तर ते हमखास. एक-दोनदा बसला असतात तर आवाक्यात. एकदाही नाही तर स्वप्न. फेरी बघायला विसरू नका, कारण राज्याच्या पहिल्या फेरीनंतर अखिल भारतीय कोटा, एम्स, आयआयटी-एनआयटीकडे निघून गेलेल्यांच्या जागा सुटतात आणि शेवटचा क्रमांक खाली सरकतो.

इथं एक खड्डा आहे आणि त्यात चांगले शिकलेले पालकही पडतात. तीन कॉलेजांत प्रत्येकी निम्मी शक्यता असेल तर तिन्ही हुकण्याची शक्यता शाळेतल्या गणितानं आठात एक येते. म्हणून 'आवाक्यातली' दहा नावं टाकली की काम झालं असं वाटतं. ते गणित तीन वेगवेगळ्या फाशांचं आहे. तुमच्याकडे फासा एकच, तुमचा गुणवत्ता क्रमांक. एकाच शिवारातली दहा शेतं पेरल्यासारखं हे, ढग फिरला तर दहाही कोरडी जातात. ज्या वर्षी तुमच्या वरची गर्दी थोडी वाढते त्या वर्षी सारख्या कट-ऑफची सगळी कॉलेजं एकदम हुकतात. बाराव्या नावानं सुरक्षितता येत नाही, खालच्या पट्टीतल्या नावानं येते. स्वप्नातली हवी तेवढी लिहा, फुकट आहेत. पण तळाला अशी तीन-चार नावं हवीतच जी तिन्ही वर्षं हमखास होती आणि जिथं तुम्ही खरोखर जाल. जिथं जायचंच नाही ते 'असू दे' म्हणून लिहू नये, चौथ्या फेरीत तेच हातात येतं.

पण खरं सांगायचं तर 'लवकर ठरवणं' हा आपल्या भागातला प्रश्न ऑप्शन फॉर्मच्या दोन वर्षं आधीच येऊन गेलेला असतो, आणि तेव्हा त्याला कुणी प्रवेशाचा निर्णय म्हणत नाही. दहावीनंतर देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवटकडची मुलं हैदराबादला जातात, उदगीर-देवणीकडची बीदरला. जवळ आहे, नावाजलेले क्लास आहेत, मामा तिकडंच राहतो. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या ८५ टक्के जागा राज्याच्या, आणि त्यांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. सरकारी नोकरांच्या मुलांसारखे ठरावीक अपवाद सोडले तर बारावी बाहेरून केलेल्या मुलाला हे दार बंद. उरतो अखिल भारतीय १५ टक्क्यांचा कोटा, एम्ससारख्या संस्था, खासगी कॉलेजांचा संस्थास्तरीय कोटा आणि अभिमत विद्यापीठं. तेलंगणातही तो स्थानिक ठरत नाही, तिथं त्यासाठी सलग चार वर्षं शिकलेलं लागतं. म्हणजे इकडचा नाही, तिकडचाही नाही. पंधरा वर्षांच्या पोराच्या मेडिकलच्या शक्यतेवर एवढा मोठा परिणाम करणारा दुसरा निर्णय मला दिसत नाही, आणि तो बहुतेक वेळा हॉस्टेल बघून घेतला जातो. अभियांत्रिकीत पालकांचा किंवा स्वतःचा अधिवास चालतो, त्यामुळे तिथं एवढं बिघडत नाही.

राज्यातल्या राज्यात राहिलं तरी २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेशही सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. त्याआधी तो मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावतीपुरता होता. लातूरला शाहू किंवा दयानंद, नांदेडला यशवंत किंवा सायन्स कॉलेज, थेट तिथं जाऊन अर्ज टाकायची सवय एका हंगामात मोडली. इथं पर्याय दहाच, आणि पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावा लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. क्लास लातूरला ठरवून, ॲडव्हान्स भरून, मग कॉलेज मात्र भलत्याच तालुक्यात लागल्याची उदाहरणं पहिल्याच वर्षी घराघरांत ऐकू आली. दहाच रकाने असले तरी चाळणी तीच.

दुसरा लवकरचा निर्णय एप्रिल-मेमध्ये दारावर येतो. खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या आपापल्या परीक्षा असतात, निकाल आधी लागतात, आणि "आठ दिवसांत फी भरा, नाही तर जागा जाईल" असे फोन सुरू होतात. कॅपच्या फेऱ्या पावसाळ्यात. मधले दोन महिने घर पोखरतात आणि चांगली माणसं लाख-दीड लाख भरून बसतात. ही भरलेली रक्कम परत मिळण्याचे नियम बहुतेकांना ठाऊक नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही पाच हजारांच्या आत कापता येतात. अंतिम तारखेआधीच्या पंधरा दिवसांत आलात तर ९० टक्के, तारीख उलटून पंधरा दिवसांपर्यंत ८०, महिन्यापर्यंत ५०, त्यानंतर काही नाही. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला मनाई आहे. फी भरण्याआधी त्या संस्थेची अंतिम तारीख लेखी विचारून घ्यावी. ती सांगायला कुणी टाळाटाळ करत असेल तर त्या उत्तरातच बरंच काही कळतं.

मुलींच्या बाबतीत या घाईची किंमत आणखी वाढली आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, खासगी विनाअनुदानित कॉलेजांतसुद्धा. अट एकच, प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही, अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना हे लागू नाही. म्हणजे मेमध्ये घाबरून एखाद्या खासगी विद्यापीठात मुलीची जागा पक्की करणारा बाप चार वर्षांची फी स्वतःहून अंगावर घेतो, आणि तिला कॅपमधून घराशेजारी तीच शाखा मिळाली असती.

राहता राहिला रिपीटचा विचार. नीटला वर्षांची मर्यादा नाही म्हणून लातूर-नांदेडात तिसऱ्या-चौथ्या खेपेची मुलं सर्रास दिसतात. "वीस मार्कांनी गेलं" हे रिपीटचं सगळ्यांत मोठं कारण आणि तेच सगळ्यांत कच्चं, कारण २०२४ चे वीस मार्क आणि २०२५ चे वीस मार्क यांत हजारो क्रमांकांचा फरक आहे. किती नंबरांनी हुकलं ते बघावं. थोडक्यानं असेल आणि दुसऱ्या खेपेचं मन असेल तर जरूर बसावं. पण त्याआधी नीटच्याच मार्कांवर दुसरं काय मिळतं ते तपासलेलं असावं. नांदेडचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथले प्रवेश नीटच्या गुणांवरच होतात, पण अर्ज पशुवैद्यक विद्यापीठाकडे वेगळा करावा लागतो. दरवर्षी त्या मार्कांत बसणारी कितीतरी पोरं केवळ हा अर्ज वेगळा असतो हे न कळल्यामुळे राहून जातात.

आणि कागद. गुणवत्ता क्रमांक, पसंती, चाळणी हे सगळं जातवैधता प्रमाणपत्र किंवा मुदतीतलं नॉन-क्रीमी लेअर नसेल तर एका ओळीत कोसळतं. उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो आणि त्यानं महिनाभर केलेला हिशोब भलत्याच रकान्याचा ठरतो. विज्ञान शाखेत अकरावीला असतानाच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो. समितीकडे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांची, निजामकाळातल्या खासरा-पाहणीच्या नकलांची मागणी होते आणि ती कागदं शोधायला तालुक्याला चार हेलपाटे पडतात. हे हेलपाटे अकरावीच्या दिवाळीत घालावेत, बारावीच्या निकालानंतर सेतूवर उभं राहायला जागा नसते.